शाळेत एसीई प्रश्नावली भरून घ्यावी का?

घोडबंदरकर
ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिका शाळांत सातवी ते नववीच्या मुलांकडून एसीई, म्हणजे लहानपणीच्या वाईट अनुभवांची, प्रश्नावली भरून घ्यावी, असं माझं ठाम मत. प्रश्न दहा: मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरातली दारू, आईवडिलांची फारकत वगैरे. प्रत्येक 'हो'ला एक गुण. फेलिटी आणि आंदा यांच्या १९९८च्या अमेरिकन अभ्यासात चार किंवा जास्त गुणवाल्यांना व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका शून्यवाल्यांच्या ४ ते १२ पट निघाला. मेंदूतही खूण राहते. भीतीला जागा होणारा अमिग्डाला आणि त्याला आवरणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग यांची हालचाल लहान मुलांत एकत्रच चढते. किशोरवयापासून एकाची चढली की दुसऱ्याची उतरते. अनाथालयात वाढून मग दत्तक गेलेल्या मुलांत ही मोठ्यांसारखी उलटी जोडणी लहानपणीच दिसली (२०१३चा अभ्यास). मेंदूची वीण अशी बिघडत असेल, तर नैराश्य येईपर्यंत थांबायचं कशाला?

वाशी_१७
बिघडते? तोच २०१३चा अभ्यास पुढे वाचा. संस्थेतून आलेल्या मुलांपैकी ज्यांची जोडणी लवकर पिकली होती, त्यांची चिंता बाकीच्यांपेक्षा कमी होती. घरात वाढलेल्या मुलांपेक्षा जास्तच, पण आपसांत कमी. आवरणारं कुणी जवळ नाही म्हणून मेंदूनेच लगाम लवकर हाती घेतला, असाही अर्थ निघतो. त्याची किंमत पुढे काय पडते हा वेगळा प्रश्न.

आणि ते ४ ते १२ पट गटाचं गणित आहे. आईवडील विभक्त झाले, एक गुण. पाच वर्षं रोज मार खाल्ला, तरी एकच गुण. वय, मुदत, तीव्रता कशालाच जागा नाही. खुद्द आंदा आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये बजावलंय की हा आकडा एकेका माणसाची चाळणी करायला वापरू नका.

पारसिक
कायद्याचं कुणी बोलतच नाहीये. मुलाने लैंगिक अत्याचाराच्या प्रश्नाला 'हो' केलं की पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ लागतं. ज्याला कळलं त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचंच. नाही कळवलं तर कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे कागदावर नाव घेतलंत तर 'कुणाला सांगणार नाही' असं मुलाला म्हणता येत नाही, आणि नाव नाही घेतलं तर मदत कुणाला करणार? शिवाय एका बाकावर तिघं बसलेली असताना शेजारच्याची खूण दिसते. खरं कोण लिहील?

ऐरोली_खाडी
मग सरळ एमआरआयच काढला तर? प्रश्नच नकोत.

वाशी_१७
नको. मेंदूची जोडणी आणि स्वभाव किंवा आजार यांचा भरवशाचा संबंध दिसायला हजारो माणसं लागतात, हे २०२२मध्ये 'नेचर'मध्ये आलंय. एका मुलाच्या चित्रावरून काही ठरत नाही. त्यात मुलं मशीनमध्ये चुळबुळतात. डोकं अर्धा मिलिमीटर जरी हललं तरी जवळच्या भागांची जोडणी खोटीच घट्ट दिसते आणि लांबची सैल, आणि तेच ताणाचा परिणाम म्हणून खपून जातं.

घोडबंदरकर
एमआरआय सोडा, कायद्याचा मुद्दाही मान्य. पण वेळेचं काय? रुमानियातल्या बुखारेस्टच्या प्रयोगात अनाथालयातली १३६ मुलं होती. त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत दिली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची माणसांशी जवळीक आणि मेंदूची विद्युत हालचाल, दोन्ही उशिरा गेलेल्यांपेक्षा चांगली सुधारली. उशीर महागात पडतो, हे तरी मानाल?

वाशी_१७
मानतो. पण तिथे उपाय होता घर, गुणांची बेरीज नव्हे. आणि तुमचा विद्यार्थी तेरा वर्षांचा आहे, दोन नाही. आठवणींचीही गंमत बघा: लहानपणी ज्यांच्या छळाची नोंद झाली, त्यातले जवळपास निम्मे मोठेपणी तसं सांगतच नाहीत (२०१९चा एकत्रित आढावा). नैराश्याचा संबंध नोंदीपेक्षा आठवणीशी जास्त जुळतो.

पारसिक
विचारायचंच असेल तर आजचं विचारा. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या लक्षणांच्या प्रश्नावलीचं किशोरांसाठीचं रूप घ्या: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. दहा आणि वर आलं की समुपदेशकाने स्वतः बोलायचं. नुसत्या आकड्यावर निदान नाही. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचाराचा. तिथे शून्याऐवजी काहीही असलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी मुलाला भेटायचं. म्हणून शुक्रवारी दुपारी भरून घ्यायचं नाही. गठ्ठा सोमवारी उघडतो. पुढचा रस्ता आधी ठरवा: टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, आणि गरज पडली तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. रस्ता नसेल तर प्रश्नावलीच नको.

उपाय महागच असतो असंही नाही. गोव्यातल्या २०१७च्या चाचणीत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी ६ ते ८ बैठकांत नैराश्य कमी केलं. बंद पडलेली कामं छोटे तुकडे करून आठवड्याच्या वेळापत्रकात परत बसवायची, हा त्याचा गाभा. ती मोठी माणसं होती; शाळेत फेरफार लागतील.

घोडबंदरकर
आणि जो मार खातो पण नऊपैकी एकही लक्षण दाखवत नाही, तो?

वाशी_१७
त्याला तुमच्या दहा प्रश्नांतही बोलता येणार नाही. घरी कळलं तर काय, हीच भीती. त्याच्यासाठी वर्गात मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८ लिहून ठेवा आणि वर्गशिक्षकांना शिकवा: अचानक वाढलेली गैरहजेरी, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या, शाळा सुटल्यावर घरी जायची टाळाटाळ.

घोडबंदरकर
साठ मुलांच्या वर्गात बाह्या कोण बघतंय? निवडणुकीच्या कामातून तरी सोडवा आधी शिक्षकांना.