जिओग्रिड १०० चा, मग डिझाइनमध्ये ४७ च का?

साइटवाला_कराड:
उड्डाणपुलाच्या अ‍ॅप्रोचला ८ मीटर उंच आरई वॉल (भरावात जाळीचे थर घालून उभी केलेली भिंत) चालू आहे. त्यातल्या पॉलिएस्टर जिओग्रिडच्या, म्हणजे जाळीच्या, सर्टिफिकेटवर ताकद रुंदीच्या मीटरला १०० किलोन्यूटन आहे, डिझाइनमध्ये ४७ धरलेत. ठेकेदार म्हणतो, "शंभर वर्षांनी ताकद निम्मी होईल ती होईल, आज जाळीचे थर कमी करू." काय सांगू त्यांना?

निवृत्त_डिझायनर_सांगली:
थर अजिबात कमी करू देऊ नका. ताकद दरवर्षी झिजत झिजत निम्मी होते, हा समजच चुकीचा आहे. नमुना प्रयोगशाळेत काही मिनिटांत ओढून तोडला, त्याचे ते १००. भिंतीत मात्र एकदा बसलेली ओढ सुटत नाही. पॉलिमर त्या ओढीखाली ताणत राहतो आणि शेवटी तुटतो. ओढ जितकी मोठी, तितका लवकर. या ताणत राहण्याला क्रीप म्हणतात. क्रीप फॅक्टर १.६ म्हणजे १०० ला १.६ ने भागून येणारे साधारण ६२ किलोन्यूटन कायम लावून ठेवले तर डिझाइनच्या आयुष्याअखेरीस जाळी तुटायला येईल. पण त्याआधी, आयुष्याच्या बऱ्याच काळात कधीही तिला अचानक झटका दिला तर जवळपास मूळचीच ताकद मिळते. म्हणून भूकंपाच्या क्षणिक ओढीला क्रीप फॅक्टर लावत नाहीत. तुम्ही तर कोयनेच्या शेजारी, १९६७ चा धक्का झेललेल्या भागात. तो हिशेब वेगळा मांडलाय का, जरूर बघा.

मुरूम दाबताना होणाऱ्या इजेसाठी १.२ आणि रसायनांसाठी १.१ धरले, की १.६ × १.२ × १.१ = २.११. १०० ला त्याने भागलं की ४७ येतात.

साइटवाला_कराड:
सर, दुसरा सप्लायर पॉलीप्रॉपिलीनचा १०० चाच ग्रिड स्वस्तात देतोय. आणि काळ्या मातीत चुना मिसळून भराव केला तर?

निवृत्त_डिझायनर_सांगली:
त्याच्याकडे आधी क्रीपचा रिपोर्ट मागा, किमान १०,००० तासांचा, आणि चाचणीचं तापमान पाहा. २० अंशांवरचे आकडे आपल्या मे महिन्यातल्या भिंतीला तसेच लावता येत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल हायवेच्या मार्गदर्शिकेत पॉलिएस्टरला क्रीपसाठी १.६ ते २.५ आहेत, पॉलीप्रॉपिलीनला ४ ते ५. म्हणजे एकट्या क्रीपनंतरच २०-२५ उरतात. स्वस्त कुठे पडलं?

काळी माती आत नकोच, ती पाणी धरते. त्यात चुन्याने पीएच ९ च्या वर गेला की पॉलिएस्टरचं जलविघटन होतं, म्हणजे पाण्याने त्याचे रेणू तुटतात. निथळणारा मुरूम आणा, पण टोकदार दगड वेचून काढा, नाहीतर तो १.२ पुरणार नाही.

लॅब_सातारा:
इजेचा फॅक्टर अंदाजाने धरू नका. तुमच्याच मुरुमात तुकडा पुरा, तुमच्याच रोलरने दाबा, उकरून काढा आणि कोऱ्या नमुन्यासोबत तपासायला पाठवा.