पाच वर्षांच्या आतली लेकरं आणि मालदीव : पैसा पाण्यात?

मांजराकाठ (लातूर)

परवा ‘नळदुर्गी’ यांनी लिहिलं, की पाच वर्षांच्या आतली लेकरं घेऊन मालदीव-अंदमानला जाणारे आईबाप लेकरांसाठी जातच नाहीत, स्टेटसला फोटो लावायला जातात. लेकराला समुद्राची वाळू काय अन् शेजारच्या बांधकामावरचा ढिगारा काय, सारखंच. मोठेपणी काही आठवणार नाही, त्यापेक्षा त्याच्या नावानं एफडी करा. खाली लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. चार वर्षांची लेक आणि दीड वर्षाचा लेक घेऊन मी नुकतीच मालदीवला जाऊन आले, फोटोही टाकले होते, त्यामुळं टोमणा कुणाला होता ते कळलं. तिथंच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना आठवत नाही, मान्य. मग जावळ कशाला काढता? अख्खी भावकी गाडी करून तुळजापूरला नेता, लेकरू मामाच्या मांडीवर भोकाड पसरतं, पंगती उठतात. तेव्हा ‘त्याला आठवणार का’ म्हणून एफडीचा हिशोब कुणी मांडत नाही.

आणि सहल माझीही होती ना? वर्षभर नोकरी, पाळणाघर, डबे, खोकल्याची औषधं. लेक एवढ्याशा लाटेला घाबरून पळाली आणि मग लांब उभी राहून त्या लाटेलाच ‘ये की आता’ म्हणून दरडावली. ते मला आठवायचंय. तिला नाही आठवलं तर मी सांगीन.

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी : व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो, पैसे लागत नाहीत, पण तान्ह्यालाही स्वतःचा पासपोर्ट हवा. जायच्या आधीच्या ९६ तासांत प्रत्येकाच्या नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, लेकरांचासुद्धा. पाण्यावरच्या खोल्या फोटोत भारी दिसतात, पण त्यांच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. काही ठिकाणी तर लहान मुलं असली की ती खोली देतच नाहीत. वाळूवरची खोली घ्या. विमानतळापासून स्पीडबोटीनं गाठता येईल असंच बेट निवडा. आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, कोपऱ्यावर किराणा दुकान नसतं, हे डोक्यात ठेवून बॅग भरा.

सगळ्यात जास्त हाल कुठं झाले सांगू? लातूर-मुंबई रेल्वेत. रात्रभर लेकराला बर्थवर धरून बसले. मुंबईहून मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीला, तर तीन तासांत पोचतो माणूस.

नळदुर्गी

ताई, जावळाला आहेर येतो. मालदीव नुसतं घेतं.

आपण त्या रिसॉर्टवर सरकारला हरित कर किती दिलात ते लिहिलं नाही. २०२५ पासून माणशी, रात्री १२ डॉलर झालाय. दोन वर्षांखालच्यांना माफ आहे म्हणे, म्हणजे चिरंजीव तेवढे फुकटात. बाकी तिघांचा हिशोब करा आणि त्यात आपल्याकडं किती दिवसांचा किराणा येतो ते बघा.

दुसरं. रात्री दोनला लेकराला ताप चढला तर? सी-प्लेन अंधार पडला की उडत नाही. काळ्या पाण्यात बोट घालून मालेला जाणार?

आणि तिसरं बोललो तर राग येईल, पण बोलतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथली माणसं खोलीपुढं स्वतंत्र स्विमिंग पूल घेऊन त्यात डुंबतात. बघायला कसंतरी वाटतं.

चिकलठाण्याचा प्रवासी

तुम्ही भांडा. पण रेल्वेचा विषय निघाला म्हणून सांगतो, खरं दुखणं तेच आहे. १९८३ पासून वेरूळ आणि अजिंठा दोन्ही जागतिक वारशात आहेत, आणि आमच्या विमानतळावरून परदेशात जायला एक नियमित थेट विमान नाही. मालदीवला जा नाहीतर मक्केला, आधी मुंबई नाहीतर हैदराबाद. लेकरू दमतं ते समुद्रानं नाही, मराठवाड्यातून बाहेर पडताना दमतं.

मांजराकाठ (लातूर)

नळदुर्गी, तिसऱ्या मुद्द्याचं आधी घेते, कारण तो मला लागलाय.

२०१६ ला मी लातुरात नवी नवरी होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, भांडणं होऊ नयेत म्हणून. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक फोटो काढत होते, आम्ही घागरी मोजत होतो. सासूबाई भांडी धुतलेलं पाणी कपड्यांना आणि कपड्यांचं संडासला वापरायच्या. हे तुम्ही मला सांगता? जिनं टँकरच्या मागं पळत संसार सुरू केला, तिनं पाण्यात पाय सोडून बसूच नये, असा काही नियम आहे का? पुण्या-मुंबईची माणसं गेली की ‘हौस’, लातूरची गेली की ‘कसंतरी वाटतं’.

आणि मालदीवच्या पूलमधलं ते पाणी कुणाच्या विहिरीतून उपसलेलं नसतं. तिथं समुद्राचं खारं पाणी यंत्रानं गोडं करतात. यंत्राला डिझेल लागतं, तो वेगळा दोष द्यायचा तर द्या.

नळदुर्गी

डिझेलचा दोष दिला. लिहून घ्या.

वाचनमात्र (धाराशिव)

गंमत म्हणजे २०१४ च्या डिसेंबरात मालेचा असाच गोड्या पाण्याचा प्रकल्प आगीनं बंद पडला, तेव्हा अख्ख्या राजधानीला पाणी नव्हतं. भारतानं विमानानं आणि जहाजानं पाणी पोचवलं. तुमच्या दोघांच्या भांडणात कुणाच्या बाजूनं मोजायचं ते ठरवा.

नाइट ड्युटी (परभणी)

मी नर्स आहे, मुलांच्या वॉर्डात. तापाचं एवढं भय घालू नका. मालेत मोठं सरकारी रुग्णालय आहे, भारताच्या मदतीनं बांधलेलं, इंदिरा गांधींच्या नावाचं. रिसॉर्टवर डॉक्टर आहे का, आणि रात्री बोट मिळते का, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा. नाही म्हणले तर दुसरं बेट. वजनाप्रमाणे लिहून घेतलेलं तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं आणि थर्मामीटर घरून न्या. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला सनस्क्रीन फासायचं नाही, सावलीतच ठेवायचं.

मी स्वतः अंदमानला गेले होते लेकीला घेऊन. कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट : घड्याळ आपलंच, पण ते बेट इतकं पूर्वेला की हिवाळ्यात पाचच्या सुमाराला दिवस मावळतो आणि उन्हाळ्यात पहाटे पाचलाच फटफटतं. आमची बया पाचला उठून ‘समुद्र’ म्हणून बसायची. हॅवलॉक बेटाच्या फेरीत निम्मी बोट ओकत होती. पावसाळ्यात तर जाऊच नका, समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि परतीचं विमान चुकतं.

भ्यायचंच तर पाण्याला भ्या. दंडात अडकवायचे ते रंगीत फुगे म्हणजे खेळणं आहे, जीव वाचवायचं साधन नाही. आणि बुडणारं लेकरू हातवारे करत ओरडत नाही. आवाज न करता खाली जातं. गुडघाभर पाण्यात जातं. आई मोबाइलवर फोटो बघत असते तेवढ्यात.

बीडची आज्जी

फोटोवरून आठवलं. मला लेक-सुनेनं अंदमानला नेलं. ‘आई, तुम्हालाबी समुद्र दाखवतो’ म्हणाले. दाखवला की, खिडकीतून. हे दोघं पाण्याखाली मासे बघायला, आणि मी खोलीत नातवाचे लंगोट वाळवत. मला सेल्युलर जेल बघायची होती, शाळेत मुलींना शिकवलंय मी ते. तिथं बी हा रडायला लागला म्हणून मी फाटकापाशी बाकड्यावर. लेकरं न्यावीत का न न्यावीत हे तुम्ही ठरवा. आज्जीला कशाला नेता ते लोक बोलत नाहीत.

मांजराकाठ (लातूर)

मावशी, आम्ही आज्जीला नेलं नव्हतं.

बीडची आज्जी

मग सुखी आहे ती बाई.

गोदाकाठ (नांदेड)

फुगे, जॅकेट, कसली कसली साधनं! अहो, आमच्या पिढीला पोहायला कुणी शिकवलं? वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा हवाबंद डबा पाठीला बांधायचा, कमरेला कासरा, आणि काकानं काठावरून द्यायचं ढकलून. दोन-चार घोट पोटात गेले की हातपाय आपोआप हलतात. माझी थोरली पाच वर्षांची असताना विहिरीत मुटके मारायची. आत्ताची लेकरं टँकला फी भरून दोन उन्हाळे जातात आणि तरी खोल बाजूला जात नाहीत. समुद्राचं कौतुक नंतर करा, आधी लेकरांना विहीर दाखवा.

औशाचा शेतकरी

आबा, राग मानू नका. तुमच्या काळात विहिरीत बुडाली ती लेकरं इथं लिहायला आलेली नाहीत.

गोदाकाठ (नांदेड)

हे बोलणं झालं? अर्धी गल्ली पोहायला शिकवली मी. गोदावरीच्या पुरात माणसं काढलीत या हातांनी. तुमचं वय काय, बोलता काय.

औशाचा शेतकरी

वय काढू नका, सांगतो ते ऐका. तुमच्या विहिरीला पायऱ्या होत्या, कपारी होत्या, काठावर चार मोठी माणसं होती. आता विहिरी कोरड्या पडल्यात, लेकरं शेततळ्यात उतरतात. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना आली, आमच्या शिवारात भराभर तळी झाली. चांगलं झालं, माझी बाग त्याच्यावर जगली. पण आतून प्लास्टिकचा कागद असतो. त्याच्यावर शेवाळ धरलं की काठाला हात लागूनसुद्धा वर येता येत नाही. उतार आहे, पाणी दहा-बारा फूट आहे, आणि पकडायला काही नाही. पोहणारं माणूस बी घसरून घसरून दमतं.

आमच्या भावकीतलं पोरगं गेलं असं. चांगलं पोहायचं, तुमच्यासारख्याच एका आजोबानं विहिरीत शिकवलेलं. म्हणून मला ‘आमच्या काळी’ ऐकलं की डोकं फिरतं.

नळदुर्गी

म्हणजे मी म्हणत होतो तेच की. घरच्या तळ्याची ही गत, आणि हे निघाले महासागरात.

औशाचा शेतकरी

नाही भाऊ, तुमचं बोलणं माझ्या तोंडात घालू नका. त्या बाईंचं लेकरू गुडघाभर पाण्यात, आई हाताच्या अंतरावर. आमची लेकरं दुपारी एकटी, तळ्यावर, आईबाप रानात. सांगा, जास्त धोका कुठं? तुम्ही वाळूच्या ढिगाऱ्याचं कौतुक केलंत, त्या ढिगाऱ्याशेजारी बांधकामाच्या पाण्याची उघडी टाकी असती का नसती?

नाइट ड्युटी (परभणी)

असती. आमच्याकडं येतात त्या टाकीतली लेकरं. मी सगळं लिहीत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

कागदाच्या तळ्याचं मी बोललो नव्हतो. मी विहिरीचं बोललो, आणि विहिरीचं खरंच आहे, त्यातला एक शब्द मागं घेणार नाही. पण तळ्यात शिकवायचं नाही, हे बरोबर. दोर टाकल्याशिवाय मीसुद्धा उतरणार नाही. लेकराचं वाईट झालं.

चिकलठाण्याचा प्रवासी

आमच्याकडं जायकवाडी धरणाचा नाथसागर एवढा मोठा, त्याच्या काठी नीट जीवरक्षक ठेवून, पोहायला आखलेली जागा केली असती तर निम्मी गर्दी मालेला गेलीच नसती. पण बोलून उपयोग नाही.

नळदुर्गी

बरं, मालदीवचं माझं मत तेच आहे. एफडीच बरी. ताईंचं जावळाचं उत्तर मात्र बायकोला वाचून दाखवायला नको होतं. आता ती म्हणायली की आपल्या पोराच्या जावळाच्या खर्चात अंदमान झालं असतं. आभारी आहे.

औसेकर, दुसरंच विचारायचंय. माझ्या मेव्हण्याच्या रानात तळं आहे, कागदाचंच. सुट्टीत आमची लेकरं तिथंच असतात. दोर टाकायचा म्हणजे नक्की कसा?

औशाचा शेतकरी

चारी बाजूंना बांधावर लोखंडी खुंट्या रोवा, खोल. प्रत्येकीला जाड नायलॉनचा दोर, हातभर अंतरावर गाठी मारलेला, आणि तो तळापर्यंत सोडा. अर्ध्यावर सोडू नका, उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि दोर वरच लटकत राहतो. एक दोर पाण्यावरून आडवा, त्याला रिकामे कॅन बांधा, झाकणं घट्ट लावून. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब काठावर ठेवा. कुंपण तर पाहिजेच, आणि फाटकाला कुलूप. किल्ली लेकरांना सापडेल अशी नको.

नळदुर्गी

कॅन औषधाचे चालतील?

औशाचा शेतकरी

फवारणीचे? अजिबात नाही. तेलाचे घ्या, धुऊन.

नवीन सदस्य (हिंगोली)

मूळ विषयावर कुणी आहे का? आम्ही डिसेंबरात चाललोय, लेकरू एक वर्षाचं. डायपर तिथं मिळतात का?

मांजराकाठ (लातूर)

मिळाले तर डॉलरमध्ये मिळतील. सगळे घरून न्या. पाण्यात घालायचे वेगळे असतात, तेही घ्या. साधे पाण्यात फुगतात आणि लेकराला उचलवत नाही.