वीस टक्क्यांच्या घरांऐवजी बिल्डरकडून पैसेच घेतले तर?

मागचंगेट

मी वाकडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. म्हाडाच्या सोडतीत, वीस टक्क्यांच्या योजनेत (मोठ्या प्लॉटवर बिल्डरनं वीस टक्के बांधकाम छोट्या, स्वस्त घरांसाठी करायचं), चालत दहा मिनिटांवर घर लागलं. 398 चौरस फूट कार्पेट, साडेएकोणीस लाख. त्याच लेआऊटमधल्या पुढच्या टॉवरला टूबीएचके ऐंशीच्या पुढे गेलाय. आमची बिल्डिंग मागे, नाल्याच्या अंगाला. गेट वेगळं, त्यावर पाटी नाही. डिलिव्हरीवाली मुलं फोन करून विचारतात, ‘मॅडम, ते मागचं का?’ म्हणून हे टोपणनाव.

काल पुढच्या टॉवरमधल्या एक काकू (त्यांच्या शुगरचं रक्त मीच घेते) म्हणाल्या, “सरकारनं बिल्डरकडून पैसे घ्यावेत आणि तुमच्यासाठी कुठेतरी छान घरं बांधावीत. इथे दोघांचीही अडचण.” मनानं वाईट नाहीत त्या. पण ते ‘कुठेतरी’ डोक्यातून जाईना. परदेशात असे पैसे घेतात म्हणे. त्यातून खरंच घरं होतात का, की पैसे तिजोरीतच जिरतात?

जुना_ओव्हरसिअर

आधी पेढे कुठायत ते सांगा.

आमच्या उमेदीत जमीन कमाल धारणा कायदा होता, 1976चा, शहरात एकाकडे किती जमीन असावी याला मर्यादा घालणारा. कलम 20खाली जमिनीला सूट मिळाली की काही सदनिका सरकारच्या वाट्याला. त्यातली किती गरजूंना गेली आणि किती ‘कोट्यात’, यावर मी बोलत नाही, पेन्शन चालू आहे. तो कायदा महाराष्ट्रानं 2007च्या अखेरीस रद्द केला. मग नोव्हेंबर 2013मध्ये तुमची ही योजना आली: दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत 4000 चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर वीस टक्के बांधकाम छोट्या घरांसाठी, 30 ते 50 चौरस मीटरची. लाभार्थी म्हाडा ठरवणार, किंमत रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, बांधकाम दराला बांधलेली.

पळवाटा लगेच निघाल्या. एका फाइलवर मी स्वतः बघितलंय, भावाभावांत वाटणी दाखवून एकाच जमिनीचे 3950 मीटरचे दोन प्लॉट. कुंपण एक, बोअर एक, वॉचमन एक. घराला एवढ्या वाटा फुटतात, मग पैशाला किती फुटतील?

बॅलार्डहून_बंड्या

मी अमेरिकेत सिअ‍ॅटलला असतो. इथे 2019पासून मोठ्या भागात हा नियम आहे. शहरानं मजले वाढवून दिले, बदल्यात बिल्डरनं पाच ते अकरा टक्के घरं परवडणाऱ्या भाड्यात ठेवायची, नाहीतर चौरस फुटामागे फी भरायची. बहुतेक जण फी भरतात. आमच्या समोर सहा मजली इमारत झाली, त्यात स्वस्त घर एकही नाही.

ओव्हरसिअरकाका, पैसे जिरत मात्र नाहीत. शहराचं गृहनिर्माण खातं ते ना-नफा संस्थांना देतं, त्यात केंद्राच्या करसवलतीची भर पडते, म्हणून एका डॉलरमध्ये जास्त घरं निघतात. ती भाड्याची असतात, अनेक दशकं बाजारात येत नाहीत. तुमचं घर मात्र पाच वर्षांनी विकता येतं, मग पुढच्या गरजूला काय?

खोट एवढीच, की फी बांधकामाच्या परवान्याला चिकटलेली. व्याजदर चढले, कामं मंदावली, जमाही आटली. गरज काही आटली नाही.

प्लॅन_पास

आर्किटेक्टच्या ऑफिसात असतो, म्हणून बिल्डरची बाजू. ही वीस टक्के घरं एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेत) मोजत नाहीत, त्यामुळे ‘फुकट दिली’ ही रड खोटी. पण लिफ्ट, पार्किंग, ड्रेनेज सगळं दोनदा करावं लागतं, ते खरं. पैसे भरायचा पर्याय दिलात तर आमचे क्लायंट त्याच दिवशी चेक फाडतील. त्यावरूनच ओळखा काय स्वस्त आहे ते.

मागचंगेट

बंड्यादादा, पाच वर्षांचं बोललात ते लागलं. आमच्या मजल्यावर दोघे आत्तापासून दिवस मोजतायत. भाड्याची घरं टिकतात हेही पटलं.

तरी माझं मत सांगते. सहाला फास्टिंगचे पेशंट लॅबच्या दारात उभे असतात. सोडतीआधी मी चाकणहून यायची, पहाटे साडेचारला उठून, दोन बस बदलून, डबा मांडीवर. पैशातून घर झालं असतं तर ते तिकडेच, स्वस्त जमिनीवर, झालं असतं. दर्शनी गेट नको, क्लबहाऊस नको, पण ही दहा मिनिटं कुठल्या चेकवर मिळतात? फी घ्यायचीच असेल तर घर त्याच वॉर्डात बांधायचं बंधन हवं. असा नियम कुठे आहे का?

पेढे आहेत, काका. मागच्या गेटनं या, पुढचा वॉचमन सोडत नाही. आणि काकूंचं सॅम्पल उद्याच आहे, त्यांना विचारते, मी ‘कुठेतरी’ गेले तर सकाळी सव्वासहाला त्यांच्या दारात सुई घेऊन कोण येणार?