बोलणं नीट कळायला हवं: रिसीव्हर कोणता घ्यावा?

विषय: होम थिएटरचा रिसीव्हर, सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मेच्या मध्याला नाशिकहून सहा महिन्यांसाठी इकडे अमेरिकेत येताहेत. बाबांचं रोजचं ठरलेलं असतं: रात्रीची जेवणं झाली की एखादं जुनं नाटक नाहीतर सिनेमा. गेल्या खेपेला आमच्या टीव्हीवर त्यांना संवादच कळेनात. "आवाज वाढव" म्हणायचे. वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर यायचं, कमी केला की माणसं पुटपुटायला लागायची. शेवटी शेवटी तर ते पुस्तक घेऊन आत जाऊन बसायचे. मला त्याची अजून चुटपुट लागून आहे. या वेळी तसं व्हायला नको.

खोली १३ बाय १८ फूट. टीव्ही ६५ इंची, लांब भिंतीवर. बाबा डावीकडच्या आरामखुर्चीत बसतात, ती जागा ते सोडत नाहीत. सगळं मिळून दीड हजार डॉलरपर्यंत खर्चाची तयारी आहे. दुकानात गेले तर नऊ चॅनेलचा, म्हणजे टीव्हीचा आवाज नऊ स्पीकरना वेगवेगळा वाटून देणारा, खोक्यावर भलेमोठे वॅट छापलेला रिसीव्हर दाखवला आणि स्पीकरचं "नंतर बघू" म्हणाले. की सरळ साउंडबारच, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा एकच लांबट स्पीकर, घ्यावा? ज्यांनी घरी हे केलंय त्यांनी कृपया लिहावं.

— एडिसनहून


पुन: होम थिएटरचा रिसीव्हर, सल्ला हवा आहे

अगं, तुझी मेल वाचली आणि लगेच लिहायला बसलो, कारण बाबांची अडचण खरी आहे आणि तिला उपाय आहे.

आधी असं का होतं ते सांगतो. सिनेमाचं ध्वनिमिश्रण थिएटरसाठी होतं. तिथे पातळी ८५ डेसिबलला बांधलेली असते आणि एकेका चॅनेलला १०५ पर्यंत उसळी घ्यायला वाव असतो. आपण घरी त्यापेक्षा पुष्कळ हळू ऐकतो. मग स्फोट ऐकू येतात आणि कुजबुज बुडते. त्यात आजच्या पातळ टीव्हीचे स्पीकर इवलेसे, तेही जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसवलेले.

आता बाबांची खुर्ची. हा मुद्दा दुकानात तुला कोणी सांगणार नाही. नाटकांची जुनी रेकॉर्डिंग बहुतेक दोन चॅनेलची, नाहीतर मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची. नटाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरमधून सारखाच येतो. बरोबर मध्ये बसलेल्याला तो पडद्यातून आल्यासारखा वाटतो. डावीकडे बसलेल्याला मात्र तो डाव्या स्पीकरमधूनच आल्यासारखा वाटतो, उजवीकडचा मागाहून पोचतो आणि दोन्ही मिसळून शब्दांची धार जाते. यावर इलाज एकच, मधला स्पीकर. रिसीव्हरमध्ये 'डॉल्बी सराउंड' नावाचा मोड असतो. तो दोन चॅनेलमधला सामाईक आवाज वेगळा काढून मधल्या स्पीकरला देतो. मग बाबा कुठेही बसोत, बोलणारा पडद्यावरच बोलतो. तुझी निम्मी अडचण इथेच सुटेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नऊ चॅनेल नकोत. ५.१ घे, म्हणजे पुढे तीन, बाजूला दोन आणि एक सबवूफर (फक्त खालच्या जड सुरांचा स्पीकर). दीड हजारातले एक तृतीयांशापेक्षा जास्त रिसीव्हरवर घालू नकोस. उरलेल्यातला मोठा वाटा पुढच्या तीन स्पीकरना, तेही एकाच मालिकेतले, म्हणजे तिघांचा सूर जुळतो.

वॅटच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नकोस. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा एकच चॅनेल चालू असताना, १ किलोहर्ट्झ या एकाच सुरावर आणि आवाजात १० टक्के विकृती (फाटलेपणा) चालवून घेऊन मोजलेला असतो. आत बारीक अक्षरात 'दोन चॅनेल, २० ते २०,००० हर्ट्झ, ०.०८ टक्के' अशी ओळ सापडली तर तो आकडा विश्वासाचा. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तुझ्या खोलीत नऊ-दहा फुटांवरून नेहमीचे संवाद ऐकायला एक वॅटसुद्धा लागत नाही.

साउंडबार वाईट नाही. भाड्याचं घर असतं, वायरी टाकता येत नसत्या, तर तोच घे म्हणालो असतो. तुझं स्वतःचं घर आहे.

रिसीव्हर निवडताना एक गोष्ट मात्र बघ: खोलीचं मोजमाप करणारी यंत्रणा, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकने ऐकून तो खोलीप्रमाणे जुळवणारी. डेनॉनमध्ये ऑडिसी असते, यामाहात वायपाओ, ओंक्योच्या अलीकडच्या मॉडेलांत डिराक लाइव्ह. खोक्यातच छोटा मायक्रोफोन येतो. मोजणी शांतपणे कर, शक्यतो रात्री. हीटिंगचा पंखा बंद. माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नकोस. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीला लाव. माझ्याकडचा ट्रायपॉड घेऊन जा. मोजणी झाली की मेनूत जाऊन स्पीकर 'लार्ज' दाखवत असतील तर 'स्मॉल' कर आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झ ठेव. खालचे जड सूर सबवूफर सांभाळेल, मधल्याला बोलण्यासाठी मोकळीक मिळेल. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर ते बदलू नकोस. त्याच्या आतल्या सर्किटमुळे आवाज जरा उशिरा निघतो, तोच हिशोब त्यात धरलेला असतो. शेवटी मधल्या स्पीकरची पातळी २ डेसिबल चढव.

मधला स्पीकर टीव्हीखालच्या फळीच्या अगदी कडेला पुढे आण आणि पुढून किंचित उचल, म्हणजे त्याचं तोंड गुडघ्यांकडे न राहता कानांकडे होईल. फळीवर आत ढकललेला स्पीकर घुमतो.

— काका, पिस्कॅटवेहून


पुन: पुन: होम थिएटरचा रिसीव्हर, सल्ला हवा आहे

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी टीव्हीकडची बाजू लिहिते, कारण बहुतेकांचं तिथेच अडतं.

टीव्हीच्या मागे केबल लावायची तीन-चार एचडीएमआय भोकं असतात, पण आवाज बाहेर पाठवणारं सहसा एकच. त्याच्यावर 'आर्क' किंवा 'ई-आर्क' (त्याचीच सुधारलेली आवृत्ती) लिहिलेलं असतं. रिसीव्हरच्या 'आउट'मधून निघालेली केबल त्यातच घाल. तुझ्या टीव्हीला साधा आर्क असेल तर ई-आर्कसाठी नवा टीव्ही घेऊ नकोस. स्ट्रीमिंगवरचा ५.१ आणि त्यांचा अ‍ॅटमॉससुद्धा (डॉल्बीचा, वरूनही आवाज येणारा प्रकार) साध्या आर्कवरून जातो. ब्लू-रे असेल तर तो सरळ रिसीव्हरलाच जोड. टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलेलं असेल तर बदलून 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' कर. साध्या आर्कवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल, आणि माणूस उगाच रिसीव्हरला दोष देत बसतो.

सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, दोन्हीकडे चालू ठेव. टीव्हीच्या रिमोटनेच रिसीव्हर चालू होतो, आवाज कमी-जास्त होतो. आई-बाबांच्या हातात एकच रिमोट असायला हवा, हे मी माझ्या सासूबाईंसाठी आवर्जून केलं. तुम्ही ऑफिसात असताना दुपारी त्यांनी कोणाला विचारायचं?

रिसीव्हर बंद कपाटात कोंडू नकोस. डोक्यावर निदान वीतभर जागा मोकळी हवी, आणि त्याच्यावर केबलचा डबा ठेवायचा नाही.

काकांशी एका बाबतीत मात्र माझं पटत नाही. बजेट ताणलं जात असेल तर सबवूफर दिवाळीला घे आणि ते पैसे आत्ता मधल्या स्पीकरमध्ये घाल. नाटकाला सबवूफर लागत नाही. फक्त तोवर मेनूत 'सबवूफर नाही' असं सांग आणि डावा-उजवा 'लार्ज' ठेव, नाहीतर खालचे सूर कुठेच जायचे नाहीत.

— ताई, प्रिन्सटनहून


पुन: पुन: पुन: होम थिएटरचा रिसीव्हर, सल्ला हवा आहे

काका, ताई, मनापासून आभार. आई-बाबा मंगळवारी पोचले.

ताईंचं ऐकून सबवूफर मागे ठेवला. पण सुरुवातीला जे झालं ते लिहायलाच हवं, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आमच्या भिंतीत आधीच्या मालकांनी कोणाकडून तरी स्पीकरच्या वायरी टाकून घेतल्या होत्या. दोन्ही पदर एकाच रंगाचे, खूण काही नाही. मी अंदाजाने जोडल्या. मोजणीत डाव्या स्पीकरसमोर 'फेज' असा इशारा आला, तो मी ओलांडून पुढे गेले. आवाज लागला, पण पोकळ. गाण्यातला तबला विरून गेल्यासारखा, आणि गाणारी बाई नक्की कुठे उभी आहे तेच कळेना.

काकांना फोन केला. ते म्हणाले, रिसीव्हर पूर्ण बंद कर, त्याच्याकडची वायरीची टोकं सोडव आणि पेन्सिल सेल घे. स्पीकरची जाळी काढली. लेकीला समोर बसवून शंकूवर (स्पीकरच्या आतल्या हलणाऱ्या गोल पडद्यावर) नजर ठेवायला सांगितली. रिसीव्हरच्या लाल खुंटीतून काढलेलं टोक सेलच्या अधिकला आणि दुसरं उण्याला क्षणभर टेकवलं. 'टप्' असा आवाज झाला. उजवा स्पीकर बाहेर आला. मधलाही बाहेर. डावा आत गेला! उलटा जोडलेला होता. टोकं बदलली, तांब्याचा एक केससुद्धा बाहेर राहू नये म्हणून पीळ घट्ट दिला, आणि रात्री अकराला सगळं मोजमाप पुन्हा केलं. या वेळी इशारा आला नाही.

काल रात्री बाबा त्यांच्या खुर्चीत बसले. नाटक लावलं. पहिल्या अंकाच्या मध्यावर त्यांनी रिमोट उचलला, माझ्या पोटात धस्स झालं. त्यांनी आवाज दोन घरं कमी केला. आईला कुजबुज ऐकू येत होती, आणि बाबांना विंगेतून कोणीतरी हळूच सांगितलेलं वाक्यसुद्धा कळलं. "प्रॉम्प्टर आहे तो," म्हणाले. दोन्ही अंक होईपर्यंत उठले नाहीत.

आता विचारताहेत, जाताना हे नाशिकला नेता येईल का?

— एडिसनहून


पुन: पुन: पुन: पुन: होम थिएटरचा रिसीव्हर, सल्ला हवा आहे

अगं, वाचून फार बरं वाटलं. बाबांना माझा नमस्कार सांग.

रिसीव्हर नेऊ नका. इकडचा १२० व्होल्टचा, तिकडे २३०. नुसती पिन बदलून लावला तर पहिल्याच मिनिटाला जळेल. जड ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण तो कायम तापत राहणार, आणि बिघडला तर इकडची वॉरंटी तिकडे कामाची नाही. रिसीव्हर नाशिकलाच घ्या.

स्पीकर मात्र खुशाल न्या. त्यांना विजेशी देणंघेणं नसतं, व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही. सबवूफरला स्वतःचं प्लग असतं, म्हणून दिवाळीला घेशील तेव्हा मागे ११५/२३० असा खटका आहे का बघून घे. मधला स्पीकर आधी वजन करून बघा आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये, शंकूची बाजू वर करून ठेवा. उण्या-अधिकच्या खुंट्यांजवळ रंगीत चिकटपट्टीची खूण करून पाठव, तिकडे पुन्हा सेल शोधायला नको.

ट्रायपॉड सावकाश दे. सबवूफर आला की मोजणी पुन्हा करावी लागेलच, तोवर तुझ्याकडेच राहू दे.

— काका