सर्व्हर रेंडरिंग: डेटा पानाने आणावा की कंपोनंटने?

मुलुंडकर: पानाचं एचटीएमएल सर्व्हरवरच तयार करताना (म्हणजे सर्व्हर रेंडरिंगमध्ये) डेटा कोणी आणावा, पानाने की कंपोनंटने (पानाच्या एकेका तुकड्याने), यावरून ऑफिसात रोज वाद होतो, म्हणून धागा काढला. माझं मत: पानाचा सगळा डेटा राउटवरच (यूआरएलवरून पान ठरतं त्या जागी), रेंडर सुरू व्हायच्या आधी आणावा. कंपोनंटने फक्त दाखवावा. आमच्या ऑर्डरच्या पानावर हेडर युजर आणायचा, त्याच्या पोटातला कंपोनंट ऑर्डर, त्याच्याही पोटातला डिलिव्हरीची स्थिती. प्रत्येक कॉल साधारण २०० मिलिसेकंदांचा, एकामागोमाग एक, म्हणजे ६००. ऑर्डर नंबर यूआरएलमध्ये आणि युजर कुकीत असताना एकाने दुसऱ्यासाठी थांबायचं कारणच नव्हतं. तिन्ही वर राउटवर नेऊन प्रॉमिस-ऑलमध्ये टाकले (सगळे कॉल एकदम सुरू करून सगळ्यांची वाट बघायची), काम २०० मिलिसेकंदांवर आलं.

गिरणगाव: असहमत. उद्या डिलिव्हरीचा कंपोनंट काढलात, तर वरचा कॉल काढायचं कोण लक्षात ठेवणार? आमच्याकडे असे बेवारस कॉल वर्षभर चालू होते. आणि प्रॉमिस-ऑलमध्ये सगळ्यात सुस्त कॉल अख्खं पान अडवतो. मार्च २०२२ मध्ये रिॲक्ट (वेब पानं बनवायची लायब्ररी) १८ आलं, तेव्हापासून सस्पेन्स (डेटा येईपर्यंत एक तुकडा मागे ठेवायची सोय) सर्व्हरवर स्ट्रीमिंगसह, म्हणजे पान तुकड्या-तुकड्याने पाठवत, चालतो. ऑर्डर आधी जाते, डिलिव्हरीच्या जागी फॉलबॅक (तात्पुरत्या राखाडी पट्ट्या), आणि डेटा आला की तो तुकडा त्याच रिस्पॉन्समधून मागून येतो.

मुलुंडकर: आणि स्टेटस कोड? स्ट्रीम सुरू झाला की २०० ('सगळं ठीक') हा कोड गेलेला असतो. नंतर ऑर्डर सापडली नाही तर ४०४ ('सापडलं नाही') देता येत नाही. शिवाय ठाण्याहून फास्ट लोकल पकडून बघा. वाटेत कनेक्शन तुटलं आणि दिव्यापर्यंत मी राखाडी पट्ट्यांकडे बघत बसलो.

भायखळा_बॅकएंड: डेटा कुठूनही आणा, पण तो एचटीएमएलसोबत ब्राउझरला द्या, नाहीतर हायड्रेशननंतर (ब्राउझरमधला कोड तयार एचटीएमएलचा ताबा घेतो त्यानंतर) तेच कॉल पुन्हा जातात. आणि देताना '<' एस्केप करा, म्हणजे ते चिन्ह टॅगची सुरुवात समजलं जाणार नाही अशा रूपात लिहा. पत्त्याच्या रकान्यात कोणी स्क्रिप्ट संपवणारा टॅग टाकला की पुढे पानावर त्याचाच कोड चालतो. यावर वाद घालूच नका, आजच तपासा.

गिरणगाव: ४०४चा मुद्दा मान्य. मग ऑर्डरसाठी स्ट्रीमआधी थांबा. डिलिव्हरीचा कॉल मात्र वर फक्त सुरू करा, प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची पावती) खाली पाठवा आणि वाट कंपोनंटला बघू दे. एकामागोमाग कॉलची साखळीही तुटते, पानही अडत नाही.

मुलुंडकर: हे करून बघतो. पण मग कॉल वरच राहिला की! कंपोनंट काढला तर तो बेवारस होणार, हा तुमचाच आक्षेप होता. त्याचं काय करता तुम्ही?