प्रति: हाडांचा डॉक्टर कोकणात का थांबेल?

वर एकाने विचारलंय, साडेपाच वर्षं एमबीबीएस, पुढे तीन वर्षं एमएस करून हाडांचा डॉक्टर सिंधुदुर्गात कशाला येईल? आमच्याकडचे डॉक्टर आले. त्यांचे वडील माडावरून पडले, हाडवैद्याने बांधलेला पाय वाकडाच जुळला. म्हणून इथे आलो, हे कारण त्यांनीच सांगितलेलं. अर्थात मुंबईत जागेचे भाव हेही कारण असणार, त्यात गैर काय?

मला त्यांची तपासणी आवडते. एक्स-रे बघता बघता विचारतात, "आजये, न्हाणी घरात आसा काय भायर?" पावसाळ्यात शेवाळावरून घसरून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या तिकडूनच तर येतात. मुलगा म्हणतो, वय झालंय, ऑपरेशन नको. मग डॉक्टर खुर्ची पुढे ओढून नीट समजावतात: खाटेवर पडून राहिलं की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. तब्येत साथ देत असेल तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून लवकर उभं करायचं. बहुतेकदा कमरेखालचाच भाग बधिर करतात, हे कळलं की घरच्यांची भीती निम्मी होते.

गुडघेदुखीला मात्र लगेच सांधा बदला म्हणत नाहीत. आधी व्यायाम, वजन कमी करणं आणि उकिडवं बसण्याऐवजी कमोड. बिल विचाराल तर स्वस्त नाहीत, पण खर्च आधी कागदावर लिहून देतात.