गणितातला चढ आणि विज्ञानातलं त्वरण: हायस्कूलचे विषय असेच सुटे सुटे शिकवायचे?

अर्धाखडू (धागाकर्ता)
गणिताच्या तासाला मुलं रेषेचा चढ काढतात. दोन तासांनी विज्ञानात वेग-काल आलेख येतो आणि त्याचा चढ म्हणजे त्वरण. आकडेमोड तीच, पण हे आपण सकाळीच केलं होतं, असं फारच थोड्यांना वाटतं. रसायनशास्त्रात तर कहरच. सामू (pH, द्रावण किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) ५ वरून ३ वर आला की हायड्रोजन आयनांची संहती १०० पट वाढते, हे पाठ करायचं. ज्या लॉगॅरिदममुळे (संख्या १० चा कितवा घात आहे, ते सांगणारं गणित) तसं होतं ते बऱ्याचदा पुढच्या इयत्तांत भेटतं. तोवर ३ आणि ५ हे नुसते आकडे.

विषय मोडा असं मी म्हणत नाही. धड्यांचा क्रम दोन्ही शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावा, इतकंच. आजची विभागणी काही आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेत १८९२ साली नेमलेल्या ‘कमिटी ऑफ टेन’ या शिक्षणविषयक समितीने शालेय विषयांचे नऊ गट पाडले आणि प्रत्येक गटाची वेगळी परिषद भरवली. ज्याला त्याला त्याच्याच विषयाबद्दल विचारलं, तर दुसरं काय निघणार?

कोरीवही
असहमत. ही ‘एकात्मिक’ हवा फिनलंडहून येते. तिथे ऑगस्ट २०१६ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून किमान एक आंतरविद्याशाखीय, म्हणजे अनेक विषय एकत्र आणणारा, घटक आला. ‘विषय रद्द’ अशा बातम्या झाल्या, विषय मात्र आहेत तिथेच आहेत. आणि पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतले फिनलंडचे गणिताचे गुण पाहा: २००६ मध्ये ५४८, २०२२ मध्ये ४८४.

अर्धाखडू
मधले आकडे का गाळलेत? २०१२ मध्येच ५१९ झाले होते. नवा अभ्यासक्रम तेव्हा यायचा होता. घसरणीचं कारण दुसरीकडे शोधा.

कोरीवही
बरं, फिनलंड सोडून देऊ. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर १९८८ पासून मांडत आलेत की नवशिक्याच्या कार्यकारी स्मृतीत (विचार करताना डोक्यात धरून ठेवायच्या जागेत) एका वेळी फार थोडं मावतं. चढही नवा, त्वरणही नवं, आणि दोघांचं नातंही आजच समजून घे म्हटलं तर पोरगं तिन्हीकडे गटांगळ्या खाणार. सुटं सुटं शिकवण्यात आळस नसतो, मुलाची सोय असते.

अर्धाखडू
म्हणून तर क्रम म्हणतोय! आधी चढ पक्का, मग आठवडाभरात त्वरण. एकाच दिवशी दोन्ही द्या असं कुठे म्हटलंय?

कोरीवही
आणि गणिताचा धडा पंधरा दिवस मागे पडला तर? तो पडतोच. विज्ञानाच्या मास्तरांनी हातावर हात ठेवून बसायचं? कागदावरचं वेळापत्रक सगळ्यांचंच सुंदर असतं.

तिसरीघंटा
तुमचं भांडण शिक्षकांच्या बैठकीवर अडलंय. मला विचाराल तर बैठक न घेताही एक गोष्ट करता येते. पुस्तकात प्रकरणाखाली त्याच प्रकरणाची उदाहरणं असतात. वर्गसमीकरणाच्या धड्याखाली वर्गसमीकरणंच. कुठली रीत वापरायची हे मुलाला ठरवावंच लागत नाही, शीर्षकच सांगतं. परीक्षेत शीर्षक नसतं, मग भंबेरी उडते.

रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग पाहा. घनफळाच्या उदाहरणांची सरमिसळ करून सराव केलेल्यांना सरावाच्या वेळी कमी गुण पडले, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत तेच कितीतरी पुढे होते. तेव्हा गृहपाठात जुन्या धड्यांची चार उदाहरणं घुसवा. त्यातलं एक वेग-काल आलेखाचं असू द्या, अर्धाखडूंचंही काम होईल.

अर्धाखडू
निम्मंच होईल. आलेखाचं उदाहरण गणिताच्या वहीत आलं, हे विज्ञानाच्या शिक्षकांना कळणार कसं? सामूचं दुखणंही तसंच राहतं. जे लॉगॅरिदम अजून शिकवलंच नाही, ते गृहपाठात मिसळणार कुठून? पण सुरुवात म्हणून मान्य.

कोरीवही
यात मला तत्त्वतः अडचण नाही, व्यवहाराची आहे. सरावात गुण कमी पडले की घरचे आठवड्याभरात शाळेत हजर. त्यांच्यासमोर ‘थांबा, नंतर वाढतील’ म्हणायची हिंमत किती मुख्याध्यापकांत आहे?

तिसरीघंटा
सरावाला गुणच देऊ नका. चूक-बरोबर दाखवा, वही परत करा.

कोरीवही
गुण नसतील तर अर्धा वर्ग वही उघडणारच नाही. हे तुम्ही वर्गावर गेल्याशिवाय पटणार नाही.